मेनच्या जंगलातले बूट

अब्बांचे शिकारीचे बूट आमच्या खेड तालुक्यातल्या घरात माळ्यावर होते. जाड तपकिरी चामड्याचे, घोट्याच्या वर येणारे, तळाला लोखंडी खिळे ठोकलेले. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला, शिकार बंद झाली आणि अब्बांची बंदूक घरातून गेली. बूट मात्र त्यांनी ठेवले. दर पावसाळा संपला की ते बूट बाहेर काढायचे, पडवीच्या सावलीत दोन दिवस ठेवायचे, तेलाचा बोळा फिरवायचे आणि पुन्हा कापडी पिशवीत घालून ठेवायचे. ‘आता कुठे जायचंय हे घालून?’ असे अम्मीने विचारले की म्हणायचे, ‘यांनी माझे पाय सांभाळले, आता मी यांना सांभाळतो.’

अब्बा गेल्यावर आम्ही ते बूट प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून माळ्यावर टाकले. चार पावसाळे गेले. पिशवी सोडली तेव्हा आत पांढरी-हिरवी बुरशी होती, आणि बोटाने दाबले तर चामडे पापडासारखे तुटत होते. ज्या माणसाने तीस वर्षे बूट टिकवले त्याच्याच घरात ते चार वर्षांत संपले. ही गोष्ट आम्ही कोणाला फारशी सांगितली नव्हती. सांगायची वेळ आली ती अमेरिकेत.

आमचा मुलगा नोकरीनिमित्त अमेरिकेच्या ईशान्य टोकाला, मेन नावाच्या राज्यात राहतो. गेल्या वर्षी नोव्हेंबरमध्ये सूनबाईंचा फोन आला. मुलगा एका सहकाऱ्याबरोबर हरणाच्या शिकारीला गेला होता. तिकडे त्यासाठी सुरक्षेचे शिक्षण घ्यावे लागते, परवाना काढावा लागतो. ते सगळे त्याने रीतसर केले होते. घरात हलाल गोश्त यावे, वर्षभर फ्रीजरमध्ये राहावे, एवढाच हेतू. पण परत आला तो दोन्ही पायांची बोटे पांढरीफटक आणि बधिर होऊन. स्वस्तात मिळाले म्हणून घेतलेले बूट ओढ्यातून जाताना भिजले होते आणि तो त्याच ओल्या मोज्यांनी चार तास एका जागी बसला होता. डॉक्टरांनी सांगितले, थोडक्यात निभावले. आणखी दोन तास गेले असते तर बोटांवर बेतले असते. त्यांनी हेही बजावले की असे बधिर पाय कधी चोळायचे नाहीत आणि हीटरजवळ धरायचे नाहीत. बधिर कातडीला चटका कळत नाही. कोमट पाण्यात हळूहळू ऊब आणायची.

यंदा ऑक्टोबरच्या शेवटी आम्ही दोघे त्याच्याकडे गेलो. बॉस्टनला विमानातून उतरून उत्तरेकडे मोटारीने दोन-अडीच तासांचा रस्ता. दोन्ही बाजूंना जंगल, जंगल आणि जंगल. मेन राज्याचा नव्वद टक्क्यांच्या आसपास भाग झाडांखाली आहे. अमेरिकेत एवढे जंगल दुसऱ्या कुठल्याच राज्यात नाही. मेपलची लाल पाने गळून रस्त्याच्या कडेला ढीग झाले होते. पाइन आणि स्प्रूस तेवढे हिरवे उभे. मधूनमधून तळी, दलदल आणि काळ्या पाण्याचे ओढे. आपल्या कोकणात पावसाळ्यात वाट जशी पायाखाली मऊ होते, तशी तिथली जमीन जवळजवळ नेहमीच असते. फरक एवढाच की आपला चिखल कोमट असतो आणि तिथला बर्फासारखा गार.

मुलाने आल्या आल्या सांगितले, ‘पुढच्या शनिवारी पुन्हा जाणार आहे.’ त्याच्या अम्मीचा चेहरा उतरला. वाद घालण्यात अर्थ नव्हता. शेवटी ठरले ते असे: जायचे असेल तर बूट आमच्यासमोर घ्यायचे.

म्हणून आम्ही फ्रीपोर्टला गेलो. समुद्राकाठचे छोटे गाव आहे, पण शिकारीच्या बुटांच्या बाबतीत त्याचे नाव मोठे. गावातल्या मुख्य रस्त्यावर एल. एल. बीन यांचे दुकान आहे आणि दुकानाबाहेर माणसाच्या दुप्पट-तिप्पट उंचीचा एक बूट उभा आहे. खाली रबर, वर चामडे, पुढे लेस. नातवंडांनी त्याच्याजवळ उभे राहून फोटो काढून घेतले. १९५१ सालापासून हे दुकान रात्रंदिवस उघडे ठेवण्याची पद्धत आहे, कारण शिकारी आणि मासे धरणारे लोक पहाटेच्या अंधारात जंगलाकडे निघतात आणि त्यांना हवे ते नेमके त्या वेळी आठवते.

या बुटामागची गोष्ट आम्हाला मुलाने गाडीतच सांगितली. लिऑन लिऑनवूड बीन हे मेनचेच. १८७२ सालचा जन्म. शिकारीचा नाद. जंगलातून दरवेळी पाय ओले करून घरी यायचे. संपूर्ण चामड्याचा बूट पाणी प्यायचा, जड व्हायचा. संपूर्ण रबराचा बूट पाणी अडवायचा, पण घोट्याला आधार द्यायचा नाही आणि आत पाय घामाने भिजायचा. बीन यांनी गावातल्या मोच्याकडून रबरी बुटाच्या खालच्या भागावर मऊ चामड्याचा वरचा भाग शिवून घेतला. पाणी असते खाली, तिथे रबर. घोट्याला वाकायला लागते वर, तिथे चामडे. १९१२ मध्ये त्यांनी बाहेरगावाहून येणाऱ्या परवानाधारक शिकाऱ्यांची यादी मिळवली, त्यांना पत्रके पाठवली आणि शंभर जोड विकले. पत्रकात हमी दिली होती: बूट समाधानकारक वाटला नाही तर पैसे परत.

शंभरांपैकी नव्वद जोड परत आले. रबर पातळ होते, टाक्यांपाशी चामडे आणि रबर सुटत होते. बीन यांनी प्रत्येकाचे पैसे परत केले, कर्ज काढले, बॉस्टनला रबराच्या कारखान्यात जाऊन चांगला तळ करून घेतला आणि पुन्हा सुरुवात केली. तो धंदा आज शंभर वर्षांहून जास्त काळ चालू आहे. हे बूट अजून मेनमध्येच, ब्रन्सविक आणि लुइस्टन या गावांत तयार होतात.

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. मालातला दोष लपवून विकू नये, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण नव्वद जोडांचे पैसे खिशातून, तेही कर्ज काढून परत करणारा माणूस रोज भेटत नाही.

गोष्टीचा दुसरा भाग मात्र गिऱ्हाइकांचा आहे आणि तो तितका गोड नाही. अनेक वर्षे हे दुकान कधीही, कितीही जुनी वस्तू परत घ्यायचे. मग लोक जुन्या बाजारातून चार पैशांना घेतलेले फाटके बूट आणून नवे मागू लागले. वर्षानुवर्षे वापरून झिजवलेली वस्तू ‘पसंत पडली नाही’ म्हणून परत करू लागले. शेवटी २०१८ साली ही मुदत एक वर्षावर आणावी लागली. दुकानदाराने विश्वास ठेवला आणि गिऱ्हाइकांनी तो झिजवला. आपण नेहमी व्यापाऱ्याच्या इमानाबद्दल बोलतो. गिऱ्हाइकालाही इमान लागते.

दुकानात एक वयस्क बाई बूट दाखवायला आल्या. मुलाने एकदम सर्वांत जाड, सर्वांत उबदार जोडाकडे बोट दाखवले. बाईंनी तो दिलाच नाही. त्यांनी आधी तीन प्रश्न विचारले. किती चालणार? किती वेळ एका जागी बसणार? पाणी कुठे लागणार, ओढ्यात की नुसत्या ओल्या गवतात?

त्या प्रश्नांमधून आम्ही जे शिकलो ते इथे लिहून ठेवतो, कारण ते केवळ शिकारीच्या बुटांना लागू नाही.

फार चालणाऱ्याने फार जाड अस्तराचा बूट घेऊ नये. चालताना पाय तापतो, घाम येतो, मोजे आतून भिजतात. मग थांबल्यावर तोच घाम गार पडतो. बाहेरच्या पाण्याइतकाच आतला घाम घातक. याउलट झाडाखाली तासन् तास बसणाऱ्याला जाड अस्तर हवेच. आमच्या मुलाला दोन्ही करायचे होते, म्हणून बाईंनी मधला मार्ग सांगितला: मध्यम अस्तराचा, आठ इंच उंचीचा बूट, आणि पिशवीत लोकरी मोज्यांचा एक कोरडा जोड. चालून झाल्यावर, बसण्याआधी मोजे बदलायचे. सुती मोजे अजिबात नकोत. सूत पाणी धरून ठेवते, लोकर ओली झाली तरी थोडी ऊब देते.

माप संध्याकाळी घ्यावे, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो. जे मोजे घालून चालायचे तेच घालून बूट घालून पाहावा. बोटांपुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी आणि बोटे आत हलवता आली पाहिजेत. घट्ट बुटात रक्त खेळत नाही आणि पाय लवकर गारठतो, म्हणजे थंडीत घट्ट बूट हा पातळ बुटापेक्षा वाईट. टाच मात्र आत वर-खाली सरकता कामा नये, नाहीतर फोड आलाच. दुकानात उतरत्या फळीवर चालून पाहावे. उतारावर बोटे पुढे आपटली तर बूट लहान. या रबर-चामड्याच्या बुटाचे माप जरा मोठे येते, म्हणून पातळ मोज्यांवर घालायचा असेल तर एक नंबर कमी घ्या, असे बाईंनी सांगितले. आमच्या मुलाने नेहमीचा नंबर आणि जाड मोजे घेतले.

तळाची नक्षीही पाहावी. या बुटाच्या तळाला साखळीसारखी बारीक नक्षी असते. तिच्यात चिखल अडकत नाही आणि ओल्या पानांवर पाय फारसा वाजत नाही. पण गुळगुळीत बर्फावर ती घसरते, हेही बाईंनी न विचारता सांगितले. डोंगर चढायचा असेल तर खोल खाचांचा तळ घ्या, हा नको, असे म्हणाल्या. आपल्याच मालाचा दोष आधी सांगणारी विक्रेती! त्यांच्यावर आमचा पूर्ण विश्वास बसला तो त्या क्षणी.

आमच्या सूनबाईंनी एक गोष्ट स्वतःहून तपासली. कित्येक बुटांच्या आतले अस्तर डुकराच्या कातड्याचे असते. बूट बाहेरून गाईच्या चामड्याचा असला तरी आतले वेगळे असू शकते. लेबलवर ‘पिगस्किन’ लिहिलेले असेल तर प्रश्नच नाही. लिहिलेले नसेल तर अस्तर उजेडात धरून पाहावे: डुकराच्या कातडीवर केसांची बारीक छिद्रे तीन-तीनच्या गटाने दिसतात. तरीही शंका राहिली तर सरळ विचारावे. विचारायला लाज कसली? तेलाचेही तसेच. चामड्याला लावायला तिकडे मिंक नावाच्या प्राण्याच्या चरबीचे तेल सर्रास मिळते. आम्ही मधमाश्यांच्या मेणाची डबी घेतली. काम तेच होते आणि मनात किंतु राहत नाही.

शुक्रवारी आम्ही लुइस्टनला जुम्याला गेलो. अँड्रोस्कॉगिन नदीच्या काठावर विटांच्या जुन्या कापडगिरण्यांच्या लांबच लांब इमारती उभ्या आहेत. नदीपलीकडच्या ऑबर्न गावात एके काळी बुटांचे मोठे कारखाने होते. बहुतेक बंद पडले, गाव रिकामे होऊ लागले. मग २००१ पासून तिथे सोमाली मुसलमान कुटुंबे येऊन राहू लागली. लिस्बन स्ट्रीटवर आता हलाल गोश्तची दुकाने आहेत, रंगीत ओढण्या आणि वेलदोड्याचा चहा आहे. तिथे आम्ही ‘संबूस’ खाल्ला; आपल्या समोशाचाच भाऊ, सोबत झणझणीत हिरवी चटणी. मशिदीच्या दाराशी बुटांची रांग पाहून मात्र आम्हाला हसू आले. सँडल, स्नीकर, बर्फातले उंच बूट, आणि त्यात रबर-चामड्याचे तेच मेनचे बूट, दोन-तीन जोड तरी. जंगलातला शिकारी, सोमालियाहून आलेला कामगार आणि आमचा मुलगा, चिखल सर्वांना सारखाच.

तिथेच नमाजनंतर वुजूचा विषय निघाला. कडाक्याच्या थंडीत, रानात, गार पाण्याने पाय धुवायचे कसे? एका बुजुर्गांनी हसून मुलाच्या बुटांकडे बोट केले. शरीअतने मसहची सवलत अशाच वेळेसाठी दिली आहे. पूर्ण वुजू करून बूट घातले असतील, ते पाक असतील, घोटे झाकत असतील आणि ते घालून चालता येत असेल, तर पुढच्या वुजूत पाय न धुता बुटांवरून ओला हात फिरवता येतो. मुक्कामी माणसाला एक दिवस-रात्र, मुसाफिराला तीन दिवस-रात्र. मधे बूट काढले की ती सवलत संपते. बारीकसारीक मसले आपापल्या मसलकाच्या आलिमांना विचारावेत. पण उंच, पाणी न शिरणारा बूट हा नमाजीच्याही सोयीचा असतो, हे आमच्या तोवर कधी ध्यानातच आले नव्हते.

शनिवारी पहाटे मुलगा निघाला. रविवारी मेनमध्ये शिकारीला बंदी आहे, म्हणून शनिवारी गर्दी. अंगावर भडक नारिंगी टोपी आणि जाकीट. बंदुकीने हरणांची शिकार करण्याच्या दिवसांत हा रंग कायद्यानेच घालावा लागतो, म्हणजे झाडीत माणूस माणसाला दिसतो. त्या दिवसांत नुसते फिरायला जाणारेही नारिंगी घालतात. पिशवीत डबा, पाणी आणि लोकरी मोज्यांचा कोरडा जोड. अम्मीने तो जोड स्वतःच्या हाताने, दुहेरी पिशवीत बांधून ठेवला होता.

आम्ही दिवसभर खिडकीपाशी. नोव्हेंबरात तिकडे चार वाजून काही मिनिटांनी सूर्य मावळतो. जुहर, असर आणि मग्रिब एकापाठोपाठ एक येतात, दिवस हातातून निसटल्यासारखा वाटतो. मग्रिब झाली. अंधार पडला. पाच वाजले. सूनबाई स्वयंपाकघरात भांडी उगाचच इकडची तिकडे करत होत्या.

साडेपाचला गाडीचा उजेड आवारात आला. हरीण मिळाले नव्हते. मुलाने दारातच बूट काढले, मोजे काढले आणि काही न बोलता पाय पुढे केले. बोटे लाल होती, उबदार होती. त्याची अम्मी खाली बसली, दोन्ही तळवे हातात घेतले आणि ‘अल्हमदुलिल्लाह’ एवढेच म्हणाली.

थोड्या वेळाने मुलगा ओले बूट उचलून हीटरच्या जाळीपाशी ठेवायला निघाला. आम्ही त्याला थांबवले आणि तेव्हा अब्बांच्या बुटांची गोष्ट सांगितली. माळ्याची, प्लास्टिकच्या पिशवीची, पापडासारख्या तुटलेल्या चामड्याची. आजोबांचे बूट कुठे गेले हे त्याने एकदा विचारले होते आणि आम्ही ‘जुने झाले, टाकले’ असे सांगून टाळले होते. यावेळी खरे सांगितले. तो काही बोलला नाही. बूट घेऊन आमच्याशेजारी जमिनीवर बसला.

मग तिघांनी मिळून काम केले. चिखल सुकण्याआधी ओल्या फडक्याने पुसला, टाक्यांच्या फटीतला मऊ ब्रशने काढला. लेस सैल करून जीभ पुढे ओढली. आतली गादी बाहेर काढून वेगळी ठेवली. बुटांत जुन्या वर्तमानपत्राचे बोळे भरले. ते ओल ओढून घेतात, तासा-दोन तासांनी बदलायचे. बूट हीटरपासून दूर, हवा खेळत्या कोपऱ्यात ठेवले. विस्तवाजवळ चामडे आखडते, भेगाळते, गोंद सुटतो आणि रबर कडक होते. दुसऱ्या दिवशी पूर्ण कोरडे झाल्यावर बोटाने मेण चोळले, फक्त चामड्यावर, थोडेसे. टाक्यांच्या ओळीवर जरा जास्त, कारण पाणी आधी तिथूनच शिरते. तासाभराने जादा मेण पुसून टाकले. हा तळ झिजला की बूट कारखान्याला पाठवून नवा तळ बसवून घेता येतो, वरचे चामडे तेच राहते. पण वरचे चामडेच तडकले तर कोणताही कारखाना काही करू शकत नाही. ती जबाबदारी घालणाऱ्याची.

हंगाम संपल्यावर बूट कसे ठेवायचे, हे मुलाने आम्हाला विचारले. स्वच्छ करून, मेण लावून, आत कागद भरून, कापडी पिशवीत. प्लास्टिकमध्ये कधीच नाही. आणि वर्षातून दोनदा तरी बाहेर काढून हवा द्यायची. हे सांगताना आमच्या लक्षात आले की आपण अब्बांचेच शब्द बोलत आहोत.

आता आम्ही परत खेडला आलो आहोत. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की घराघरात तेच चित्र: मुले ओलेचिंब बूट घेऊन शाळेतून येतात आणि आपण ते गॅसच्या शेगडीजवळ किंवा फ्रीजच्या मागे ठेवतो. मग ऑगस्टपर्यंत तळ सुटतो आणि आपण दुकानदाराला बोल लावतो. कधी दोष त्याचा असतोही. पण एकदा आपल्या वाट्याचे काम करून पाहा. बूट पुसा, गादी काढा, वर्तमानपत्राचे बोळे भरा, पंख्याखाली ठेवा. दहा मिनिटांचे काम आहे, आणि मुलांच्या हातून करून घेतले तर आणखी चांगले.

अब्बांचा एक बूट आम्ही अजून टाकलेला नाही. मोच्याला दाखवला. तो म्हणाला, ‘याचं आता काही होणार नाही, चाचा.’ आम्ही त्यातला चांगला राहिलेला टाचेचा तुकडा कापून घेतला, मेण लावले आणि घराच्या चाव्यांना बांधला आहे. पुढच्या वर्षी मुलगा आला की त्याला देऊ.